मुलांच्या हातची गोधडी

वाचावयाचा भाग : प्रेषितांची कृत्ये ९:३६-४३

यापो नगरात टबीथा नावाची एक शिष्या राहत असे. ग्रीक भाषेत तिला दुर्कस म्हणत. दोन्ही नावांचा अर्थ हरिणी. नव्या करारात पुष्कळ भक्तिमान स्त्रियांची नावे आहेत, परंतु मूळ ग्रीक भाषेत 'शिष्य' या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप आले आहे ते याच एका ठिकाणी, आणि तेही वस्त्रे करणाऱ्या एका बाईसाठी. तिने उपदेश केल्याचे लूक लिहीत नाही, भविष्य सांगितल्याचेही लिहीत नाही. ती मरण पावली, पेत्र लोदहून आला, आणि माडीवर विधवा त्याच्याभोवती रडत उभ्या राहिल्या. त्यांनी तिच्या हातचे अंगरखे व वस्त्रे त्यास दाखविली. त्या बायांजवळ साक्ष देण्यास दुसरे काही नव्हते. कापड हाताशी होते, तेच त्यांनी पुढे केले.

लूक आणखी एक बारीक गोष्ट नोंदवितो. दुर्कस ती वस्त्रे करीत असे ती त्या विधवांबरोबर असताना. कोठे दूर बसून, गाठोडे बांधून तिने ती पाठविली नव्हती. कोणाची बाही आखूड झाली, कोणास थंडी अधिक बाधते, हे तिला विचारावे लागत नसेल, कारण तिचे बसणेउठणे त्यांच्यातच होते.

हा भाग आज पुढे घेण्याचे कारण असे की, पावसाळा सरत आला म्हणजे शब्बाथशाळेच्या मुलांनी मिळून एक गोधडी शिवावी आणि थंडी पडण्यापूर्वी ती गरजवंतास द्यावी, हे कोणत्याही लहान मंडळीस साधण्यासारखे काम आहे. त्यास पैसा लागत नाही. लागतात जुनी लुगडी, सुया, दोरा आणि धीर. या चारांपैकी धीरच मंडळीत सर्वांत कमी सापडतो, म्हणून मुलांस या कामी मदत कशी करावी याविषयी थोडे लिहितो.

प्रथम, गोधडी द्यावयाची कोणास? पश्चिमेकडील आपल्या पुष्कळ गावांत या प्रश्नाचे उत्तर कार्तिकाच्या सुमारास आपणहून शिवारात येऊन उतरते. बीड, आष्टी, पाथर्डी, जामखेड या बाजूची हजारो कुटुंबे दरवर्षी घर सोडून ऊसतोडीस निघतात आणि पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांत व कर्नाटकाच्या उत्तर भागात कारखान्यांच्या आसपास राहतात. (आमच्या वाचकांपैकी कित्येकांची घरे त्या वाटेवरचीच आहेत, त्यांस आम्ही काय सांगावे?) नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, अशी त्यांची गणती माणसाने नव्हे तर हत्याराने होते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत अंगमेहनत त्याच्या नावे लिहिलेली असते. राहावयास बांबूची व पाचटाची कोपी. पहाटे अंधारात आईबाप फडात जातात आणि तान्हे मूल बांधाशी फडक्यात निजविलेले असते. उसाच्या रानात पाणी खेळते, म्हणून तेथील पहाटेची थंडी गावठाणातल्या थंडीहून अधिक बोचते.

निर्गम २२:२६-२७ येथे सावकारास एक आज्ञा आहे. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर सूर्य मावळण्यापूर्वी ते त्यास परत केले पाहिजे, कारण रात्री अंगावर घ्यावयास त्याजवळ तेवढेच आहे. तो आक्रोश करील तर देव ऐकणार आहे. वाचकांनी नीट पाहावे की कर्ज खोटे होते असे तेथे म्हटलेले नाही. कर्ज खरे आहे, गहाणही रीतसर आहे. तरी रात्र पडली की पांघरूण ज्याचे त्याचे. हिशेब पूर्ण होईपर्यंत कोणी कुडकुडत बसावे, हे देवास मान्य नाही.

येथे मंडळीत हमखास दोन शंका निघतात. एक अशी की, हे लोक आपल्यातले नव्हेत. आपल्याच मंडळीत म्हाताऱ्या विधवा आहेत, त्यांस आधी द्या. ही शंका रास्त आहे. विधवांस अवश्य द्यावे, आणि दोन गोधड्या होत असतील तर दोन कराव्या. परंतु ही शंका काढणाराने त्या विधवेस गेल्या वर्षी काय दिले, एवढे मनाशी विचारून पाहावे. दुसरी शंका अधिक कठोर असते. उचल घेतात आणि ती लग्नात उडवितात, दारूत घालवितात. त्यांच्या दैन्यास तेच कारण, मग आपल्या मुलांनी बोटे का टोचून घ्यावी?

शास्त्रातील पहिले शिवणकाम कोणते ते आठवा. ते उत्पत्ती ३:७ येथे आहे. आदाम व हव्वा यांनी अंजिराची पाने शिवून आपली लाज झाकली. ते काम भीतीने झाले होते आणि ते टिकणारे नव्हते. पान किती दिवस टिकणार? त्याच अध्यायाच्या २१व्या वचनात परमेश्वर देव स्वतः चामड्याची वस्त्रे करून त्यांस घालतो. ज्यांनी आज्ञा मोडली, ज्यांची चौकशी होऊन निकाल लागला, ज्यांस आता बागेबाहेर घालवून द्यावयाचे आहे, त्यांस बाहेर घालविण्याआधी वस्त्र दिले. शिक्षा टळली नाही. परंतु दोष त्यांचाच म्हणून त्यांस उघडे जाऊ दिले नाही. ऊसतोड्यांचा दोष किती आणि मुकादमाचा किती, हे आम्हांस ठरविता येणार नाही. थंडीही ते ठरवून मग पडत नाही.

आता कापडाविषयी. मुलांस घरोघर जुनी वस्त्रे मागावयास पाठविले की मंडळीचे मन कळते. कित्येक घरांतून भोके पडलेली बनियने आणि तेलाने माखलेली फडकी निघतात, आणि वर 'गरिबासच द्यायचे ना?' असे उद्गारही निघतात. २६ डिसेंबर २००४ रोजी समुद्राच्या लाटांनी तामिळनाडूचा किनारा उद्ध्वस्त केला, त्यानंतर इतके टाकाऊ कपडे तेथे जाऊन पडले की रस्त्यांच्या कडेला त्यांचे ढीग साचले. कोळी माणसे त्यांस हात लावीनात. त्यांची घरे व होड्या गेल्या होत्या, मान गेलेला नव्हता. गोधडीत जुने कापड घालणे मुळीच अयोग्य नाही. जुन्या लुगड्याची मऊ ऊब नव्या कापडास येत नाही, हे आपल्या आज्यांस पक्के ठाऊक आहे. परंतु जुने निराळे आणि टाकाऊ निराळे. आपल्या घरी आलेल्या व्याह्यास ज्या पांघरुणात निजवावयास आपण धजणार नाही, ते कोपीतही पाठवू नये.

कापड सुती घ्यावे. अलीकडे घरांत सुती लुगडी थोडी व कृत्रिम धाग्याच्या साड्या पुष्कळ झाल्या आहेत. त्या रंगाने चकचकीत दिसतात म्हणून मुलांस आवडतात. परंतु त्या घाम शोषीत नाहीत, आणि कोपीत चूल व अंथरूण यांत चार हातांचेही अंतर नसते. ठिणगी पडली तर असे कापड वितळून अंगास चिकटते. कोणी प्रेमाने अशी साडी आणून दिली तर ती आभार मानून दुसऱ्या कामास ठेवावी. गोळा झालेले सर्व कापड उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवावे. ऊ व खरूज यांचे वाण आपण नेऊन देऊ नये. ठिगळासाठी कोरे कापड घ्यावे लागले तर ते आधी भिजवून आटवून घ्यावे. मार्क २:२१ मधील दाखला आपण शंभरदा ऐकिला आहे, परंतु तो सांगणाऱ्या प्रभूने कोणाच्या तरी मांडीशी बसून ठिगळ लावताना पाहिले असले पाहिजे, हे शिवावयास बसल्याशिवाय लक्षात येत नाही. न आटलेले ठिगळ पहिल्याच धुण्यात आकसते आणि भोवतालचे जीर्ण कापड फाडून निघते.

मापाचे म्हणाल तर, नऊ वारी लुगडे म्हणजे अठरा हात. त्याचे साडेचार हातांचे चार तुकडे करून दोन-दोन जोडले की वरची व खालची अशा दोन्ही बाजू निघतात. जेथे ते विरले असेल तेथे आतून दुसरा पदर द्यावा. मधल्या थरांत बाकीचे कापड सारखे पसरावे. तान्ह्यासाठी उरलेल्या कापडाचे एक निराळे दुपटे करता आले तर फारच उत्तम. हन्ना दरवर्षी शमुवेलासाठी लहान झगा करून शिलोस नेत असे (१ शमुवेल २:१९). मूल दृष्टीआड वाढत होते, त्यामुळे यंदा झगा केवढा करावा, याचा अंदाज तिने मनातच केला असेल. मुलांस हे सांगून विचारावे : कोपीतले मूल केवढे असेल? मुले हाताने दाखवितात, आणि तेव्हापासून ती कोणासाठी शिवीत आहेत हे त्यांस समजते.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. गोधडी सारवलेल्या जमिनीवर अंथरली, कोपऱ्यांवर दगड ठेविले, लांब टाक्यांनी टाचून घेतली, की मुले चारी काठांशी बसतात आणि शिवीत शिवीत आत सरकतात. साडेचार हात रुंद व पाच हात लांब गोधडीस इंचाइंचावर ओळी घातल्या आणि इंचास दोन टाके धरले, तर सुमारे १४,५०० टाके होतात. १२ मुले असली तर प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे १,२०० येतात, आणि ती आठ शनिवार बसली तर एका बैठकीस १५०. हा हिशेब मुलांस पहिल्याच दिवशी सांगावा. १४,५०० ऐकून त्यांचे डोळे मोठे होतात, १५० ऐकून ती हसतात. अगदी लहान मुलांस सुया ओवून देण्यास बसवावे आणि त्यांच्या शेजारी म्हाताऱ्या बाया बसवाव्या. आजीस सुईचे नेढे दिसत नाही आणि नातीस गाठ मारता येत नाही. दोघींचे एकमेकींवाचून चालत नाही, आणि त्या निमित्ताने मुलांच्या कानांवर जुन्या गोष्टी पडतात त्या निराळ्याच.

मुलग्यांनीही बसावे. 'हे बायकांचे काम' असे म्हणणाऱ्या मुलग्यास गावातील शिंप्याच्या दुकानाकडे बोट करून दाखवावे. प्रेषित पौल राहुट्या करून पोट भरीत असे (प्रे. कृ. १८:३), आणि राहुटी शिवणाऱ्याची बोटे किती जाड होत असतील, याचा विचार करावा.

दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारी अडचण सुरू होते. आठ वर्षांच्या मुलाची ओळ सरळ जात नाही. ती काठापासून निघते, शेजारणीच्या ओळीस भेटते आणि मग ओढ्यासारखी वाट फुटेल तिकडे जाते. शिकविणाऱ्या बाईस किंवा गुरुजींस ते बघवत नाही. मुले घरी गेली की ती दिवा लावून बसतात, ओळ उसवितात आणि स्वतःच्या हाताने सुरेख घालून ठेवितात. हेतू वाईट नसतो. पाळकसाहेब पाहतील, मंडळीचे नाव राहील, गोधडी चांगली दिसेल. परंतु पुढच्या शनिवारी ते मूल येते आणि आपली ओळ शोधते. मुलांस आपला टाका ओळखू येतो, जशी शेरडास आपली दावण. ते काही बोलत नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी मात्र त्याचे पोट दुखते, आणि नंतर ते येतच नाही. आम्ही हे एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे.

याच्या उलट दुसराही प्रकार आहे, आणि तो भक्तीचा वेष घेऊन येतो. मुलांनी प्रेमाने केले आहे, देव अंतःकरण पाहतो, तेव्हा जसे झाले तसे राहू द्या, असे कित्येक म्हणतात. देव अंतःकरण पाहतो हे सत्य आहे. परंतु त्या गोधडीत निजणार आहे ते कोणाचे तरी तान्हे मूल. लांब व सैल टाक्यात त्याच्या पायाचे बोट अडकते. दोरा ओढला जातो, आणि एका धुण्यात आतल्या चिंध्या गोळा होऊन एका कोपऱ्यास जाऊन बसतात. मधोमध नुसते दोन पदर राहतात आणि थंडी नेमकी तेथूनच शिरते. याकोबाने आपल्या पत्रात (२:१५-१६) ज्या माणसाची निंदा केली आहे, तो उघड्या भावास गोड शब्द देऊन वाटेस लावितो. सैल टाक्यांची गोधडी देणारा त्याहून फारसा निराळा नाही. त्याने शब्दांच्या जागी चिंध्या दिल्या एवढेच.

तेव्हा वाकडा टाका आणि सैल टाका यांत भेद करावयास शिकले पाहिजे. वाकडा टाका राहू द्यावा. वाकड्या ओळीतून थंडी आत येत नाही. सैल टाका उसवावा. परंतु ज्याने घातला त्याच्याच हातून, त्याच्या देखत, आणि कारण सांगून. बोट अडकते कसे ते त्याचेच बोट घालून दाखवावे, म्हणजे रागवावे लागत नाही. सुई त्याच्या हातातून काढून घेऊ नये. हात धरून शिकविणे भाग पडले तर ते निराळ्या फडक्यावर शिकवावे आणि मग त्यास आपल्या ओळीकडे परत पाठवावे. यास वेळ लागतो. ज्या संध्याकाळी मोठ्या माणसाने तीन ओळी संपविल्या असत्या, त्या संध्याकाळी मुलाची अर्धीच होते. म्हणूनच वर धीराचा उल्लेख केला.

उपदेशक बंधूंनो, हे केवळ गोधडीपुरते नाही, हे तुम्हांस आमच्याहून अधिक ठाऊक असेल. नव्याने विश्वासात आलेला एखादा शेतकरी सभेत प्रार्थना करावयास उठतो. त्याची वाक्ये अडखळतात, शास्त्रातील नावे उलटसुलट होतात. ती वाकडी ओळ आहे; तीस हात लावू नये. परंतु तोच मनुष्य प्रार्थना करून घरी जातो आणि बायकोवर हात उगारतो, तर तो सैल टाका आहे. तो तसाच सोडून देणे ही दया नव्हे. आपणांकडून पुष्कळदा उलट घडते : आपण भाषा सुधारीत बसतो आणि वर्तनाविषयी तोंड उघडीत नाही, कारण भाषा सुधारणे सोपे असते.

योहान ६:९ येथे एका मुलाजवळ जवाच्या पाच भाकरी व दोन मासळ्या होत्या. जव हे गरिबाचे धान्य. इतक्या लोकांस एवढ्याने काय होणार, असे अंद्रिया म्हणाला. त्याचा हिशेब बरोबर होता. प्रभूने गव्हाच्या भाकरी मागविल्या नाहीत, आणि त्या मुलास बाजूस सारून दुसऱ्या कोणाकडून घेतल्या नाहीत. होत्या त्याच घेतल्या, आणि त्याच मोडल्या.

गोधडी पुरी होत आली की मुले विचारतात, आमची नावे कोपऱ्यात घालू का? आणि मोठ्यांपैकी कोणी तरी सुचवितो की मधोमध तांबड्या कापडाचा एक क्रूस शिवावा. आमचे मत असे की दोन्ही करू नये. नावांविषयी प्रभूने मत्तय ६:३ येथे पुरेसे सांगितले आहे, आणि मुलांस ते समजते. प्रत्येकाने आपली वाकडी ओळ कोठे आहे हे लक्षात ठेवावे, तेवढे नाव पुरे. क्रूसाविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. १८७६-७८ च्या दुष्काळात आणि पुन्हा १८९६ ते १९०० या वर्षांत आपल्या वाडवडिलांपैकी पुष्कळ जण मंडळीत आले. त्यांतील कित्येकांनी जिवावर उदार होऊन, जमातीचा छळ सोसून विश्वास धरिला. तरी भाकरीसाठी बाटले, हा टोमणा त्यांस मरेपर्यंत ऐकावा लागला, आणि त्यांच्या नातवंडांसही ऐकावा लागला. ज्या घरांनी तो टोमणा सोसला आहे, त्यांनी तरी दुसऱ्याच्या पांघरुणावर अशी खूण करू नये की ते अंगावर घेताना त्यास शेजारच्या कोपीकडे चोरून पाहावे लागेल. शुभवर्तमान सांगावयाचे तर ते दिवसाढवळ्या, तोंडाने, ज्यास ऐकावेसे वाटते त्यास सांगावे. थंडीत कुडकुडणाऱ्यास नाही म्हणण्याची मोकळीक नसते.

न्यावयाचे ते संध्याकाळी, माणसे फडातून परतल्यावर आणि अंधार पडण्यापूर्वी. आदल्या दिवशी एखाद्या वडील बाईने जाऊन कोणाच्या कोपीत लहान मूल आहे, कोणास गरज अधिक आहे, याची सहज चौकशी करून यावी, म्हणजे दहा कोप्यांच्या देखत निवड करण्याचा प्रसंग येत नाही. सगळी शाळा रांग करून नेऊ नये; दोन मुले व एक मोठे माणूस पुरे. छायाचित्र काढू नये, आणि भाषण तर मुळीच करू नये. "मावशी, ही आमच्या शाळेतल्या पोरांनी शिवलीय, बाळाला घ्या," एवढे मुलाने म्हणावे. त्यास जे सुचेल ते म्हणू द्यावे.

कोपीत चहा पुढे आला तर तो घ्यावा. 'राहू द्या, तुम्हांस कशाला त्रास' असे म्हणून उठू नये. दुर्कसेस जिवंत उठविल्यानंतर पेत्र कोठे उतरला, हे लूकाने मुद्दाम लिहून ठेविले आहे. तो कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी पुष्कळ दिवस राहिला. मेलेल्या जनावरांस हात लावणाऱ्याचा तो धंदा यहूद्यांत विटाळाचा समजत. आपल्यापैकी ज्यांच्या आजोबांच्या हातचे पाणीही कोणी घेत नसे, त्यांस या एका ओळीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मुलांनी चहा प्यावा, कप धुऊन ठेवावा, बाळ जागे असेल तर त्यास पाहावे आणि दिवेलागणीपूर्वी घरी यावे.

आणखी एक. गोधडीच्या घडीत एक जाड सुई आणि जाड दोऱ्याचे लहानसे बंडल घालून द्यावे. पाचटात उंदीर फार असतात आणि ते गोधडी कुरतडतात.